आवाज खातंय कोण? साऊंडच्या वायरींबद्दल वाचकांची प्रश्नोत्तरं

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न "मिक्सर बिघडलाय का" इथून सुरू होतात आणि दोन ओळी पुढे वाचलं की कळतं, मिक्सर बिचारा ठणठणीत आहे, गडबड जॅकमध्ये नाहीतर वायरीत आहे. हजारो रुपयांचं सामान घ्यायचं आणि वायर मात्र दुकानदार देईल ती, हा आपला सगळीकडचा रिवाज. म्हणून यावेळी फक्त वायरी. नावं कुणाचीच छापत नाही, गावावरून आपापला प्रश्न ओळखा.

प्रश्न (चिपळूण): सर, आमचा मंगळागौरीच्या खेळांचा बायकांचा ग्रुप आहे. मोबाईलवर गाणी लावून खेळ करतो. नवीन छोटा मिक्सर घेतला. मोबाईलकडे ईपी पिन, म्हणजे इअरफोनची बारीक पिन, आणि मिक्सरकडे मोठा स्टिरिओ जॅक अशी वायर दुकानातून मिळाली. गाणं लावलं की बासरी, कोरस वगैरे लांबून घुमल्यासारखं येतं पण मुख्य गाणारीचा आवाजच गायब! जॅक थोडा बाहेर ओढून धरला की मात्र येतो. दुकानदार म्हणतो मिक्सर परत करा. करू का?

उत्तर: ताई, अजिबात परत करू नका, मिक्सर त्याचं काम इमानदारीत करतोय. त्या मोठ्या स्टिरिओ जॅकला तीन भाग असतात, टोक, मधली रिंग आणि मागची दांडी. मोबाईलकडून टोकावर डावा आवाज येतो, रिंगवर उजवा, आणि दांडी म्हणजे ग्राउंड. पण मिक्सरच्या मोनो चॅनलचं लाइन इनपुट सहसा बॅलन्स्ड असतं, त्याला डावं-उजवं कळतच नाही, ते टोकावर जे येतं त्यातून रिंगवर आलेलं सरळ वजा करतं. बॅलन्स्डचा सगळा खेळच हा आहे, की वाटेत दोन्ही तारांमध्ये सारखीच शिरलेली खरखर वजाबाकीत निघून जावी. आता रेकॉर्डिंगमध्ये गाणारीचा आवाज बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे, मग वजाबाकी झाली की उरतं शून्य. जी वाद्यं एका बाजूला ठेवलीयत ती आणि आवाजामागची घुमारी तेवढी वाचते, तेच तुम्हाला लांबून ऐकू येतंय.

जॅक ओढून धरल्यावर आवाज का येतो? कारण जॅक सरकला की सॉकेटमधली टोकाची पट्टी रिंगवर टेकते आणि रिंगची पट्टी दांडीवर, म्हणजे वजा करायला काही उरतच नाही, फक्त उजवी बाजू येते. पण झिम्मा चालू असताना एक जण जॅक धरून बसणार का?

तुम्हाला हवी ती वायर म्हणजे एका टोकाला ईपी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८, म्हणजे तोच मोठा जॅक, पण मधली रिंग नसलेला. दुकानात असंच मागा. हे दोन जॅक मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या भोकात घाला. स्टिरिओ चॅनल नसेल तर शेजारशेजारच्या दोन मोनो चॅनलला द्या, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे वळवायचं बटण) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. आणि एकच चॅनल मोकळा असेल तर? तर लगेच दोन्ही तारा पिळून एकाच जॅकला जोडायच्या नाहीत, तसं केलं की मोबाईलचे दोन आउटपुट एकमेकांच्या विरुद्ध ढकलत बसतात. डाव्या तारेत एक ४७० ओहमचा रेझिस्टन्स, उजव्या तारेत तसाच दुसरा, आणि त्यांच्यापुढे एकत्र करून मोनो जॅकच्या टोकाला. चिल्लर किमतीचं काम आहे, कुठलाही टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला करून देईल.

आणि हो, कुणीतरी सल्ला देईल की मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. आत्ताच्या वायरीवर ते केलंत तर डावं-उजवं हुबेहूब सारखं होईल आणि उरलीसुरली बासरीसुद्धा जाईल. आधी वायर बदला.

प्रश्न (सोलापूर जिल्हा): मी आयटीआय केलंय, गावातल्या साऊंडवाल्याकडे काम करतो. माईकच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरी स्वतः बनवायच्यात. व्हिडिओमध्ये कोणी लाल वायर पिन २ ला सांगतं, कोणी पिन ३ ला. खरं कुठलं? दुसरं म्हणजे माझ्या वायरी महिनाभर चालतात आणि मग तुटतात, सोल्डर तर चांगली मारतो.

उत्तर: पिन १ ला जाळी (आतल्या तारांभोवतीचं तारांचं वेष्टन, म्हणजे ग्राउंड), पिन २ हॉट (सुलटा सिग्नल), पिन ३ कोल्ड (तोच सिग्नल उलटा). यात आता वाद नाही, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ साली एईएस१४ या स्टँडर्डमध्ये हे ठरवून टाकलंय. त्याच्या आधीच्या काही मशीनमध्ये पिन ३ हॉट असायची, त्यामुळे जुन्या बाजारातून अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तर मागची पाटी वाचून घ्या, बहुतेक वेळा तिथेच छापलेलं असतं. रंगाचं म्हणाल तर रंगाला काहीच अर्थ नाही, कुठल्या वायरीत लाल-काळा येतो, कुठल्या लाल-पांढरा, कुठल्या निळा-पांढरा. एकदा ठरवा की आपल्याकडे लाल म्हणजे २, आणि दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर जो पोरगा कामाला येईल तोही तेच करेल.

फसगत होते ती फिमेलला, म्हणजे भोकवाल्या कनेक्टरला. मेल आणि फिमेल सोल्डरच्या बाजूने बघितले तर आकडे आरशातल्यासारखे उलटे असतात, मेलवर १ ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध बाजूला फिमेलवर १. आठवणीवर हात चालवला की २ आणि १ ची अदलाबदल ठरलेली. प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्च मारून प्रत्येक वेळी वाचायचे.

आता तुटण्याबद्दल. सोल्डर चांगली असूनही तुटतात म्हणजे ओढ सोल्डरवर येतेय. कनेक्टरच्या मागे जो चिमटा असतो त्याने बाहेरचं रबर पकडलं पाहिजे, तुम्ही बहुधा रबर जास्त सोलताय, मग चिमटा नुसत्या जाळीला आणि आतल्या बारीक तारांना धरतो आणि कोणी माईक घेऊन दोन पावलं पुढे गेलं की सगळा झटका डागावर. बाहेरचं रबर साधारण दोन सेंटिमीटरच सोला, ब्लेड गोल फिरवताना जाळीच्या तारा कापल्या जाऊ देऊ नका, एकेक तार गेली तरी जाळी तेवढी अशक्त होते. जाळी पिळून तिची एक तार करा. आतल्या दोन्ही तारांचं प्लास्टिक चार-पाच मिलिमीटर एवढंच काढा, त्यापेक्षा जास्त उघडी तार ठेवली की आत वाकून शेजारच्या पिनेला टेकते आणि मग "हलवलं की जातो, हलवलं की येतो" हा प्रकार सुरू.

तिन्ही तारांना आधी सोल्डर पाजून घ्या, पिनेच्या वाटीतही थोडी भरून घ्या, मग वाटी गरम करून तार आत सोडायची आणि आयर्न काढल्यावर थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही. फुंकर मारू नका. डाग चकचकीत दिसला पाहिजे, राखाडी, दाणेदार दिसला तर ड्राय सोल्डर आहे, परत मारा. पंचवीस वॅटचं आयर्न, रोझिनवाली ६०/४० वायर, बस. पत्र्याच्या कामाची अ‍ॅसिडवाली पेस्ट इथे आणूच नका, ती आतून तांबं खात बसते. आणि सोल्डर मारताना समोरून दुसरा जुना कनेक्टर घालून ठेवा, मेल असेल तर फिमेल, कारण गरम झाल्यावर स्वस्तातलं प्लास्टिक मऊ पडतं आणि पिना तिरक्या होतात, समोरचा कनेक्टर त्यांना सरळ धरून ठेवतो. मागची टोपी आणि बूट वायरीत आधीच ओवलेत ना तेवढं आयर्न उचलायच्या आधी बघा.

कनेक्टरच्या बॉडीला जो चौथा कान असतो तो मोकळा सोडा, पिन १ ला जोडू नका, नाहीतर वायरीचा जोड लोखंडी स्टेजवर टेकला की हम्म सुरू होईल.

झाल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून एका टोकाची पिन १ पलीकडच्या तिन्ही पिनांना लावून बघायची, वाजली पाहिजे ती फक्त १ ला, मग २, मग ३. हे करताना दुसऱ्या माणसाला वायर कनेक्टरजवळ वाकवायला सांगा.

प्रश्न (मिरज तालुका): आमचं भजनी मंडळ आहे. बुवांच्या पुढे दोन माईक ठेवतो, एक गायनाला आणि एक पेटीला, जवळजवळच असतात. एकच चालू असला की आवाज भरदार, दोन्ही चालू केले की पातळ, टिनाच्या डब्यातून आल्यासारखा. बास वाढवून बघितला, उपयोग नाही. दोन्ही माईक एकाच कंपनीचे, नवे.

उत्तर: वरचं सोलापूरचं उत्तर वाचलंत तर अर्धं कळलंच असेल. तुमच्या दोनपैकी एका वायरीत २ आणि ३ उलट लागलेत. एकट्या माईकला त्याने फरक जाणवत नाही, पण दोन माईक एकच आवाज पकडत असतील तर एक म्हणतो माईकमधला पडदा पुढे, दुसरा म्हणतो मागे, आणि मिक्सरमध्ये बेरीज होताना दोघं एकमेकांना खातात. सगळ्यात आधी खालचे सूर जातात, म्हणून पातळ वाटतं, आणि म्हणूनच बास वाढवून उपयोग नाही, जे आलंच नाही ते वाढवणार कसं.

तपासणी सोपी आहे. दोन्ही माईक एका हातात, तोंडाच्या जाळ्या एकमेकांना चिकटवून धरा, दोन्ही फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) सारखे ठेवा आणि मध्ये बोला. आवाज वाढला तर वायरी बरोबर, जवळजवळ गायब झाला तर एक उलटी. मग एक वायर बदलून तिसरी लावा, म्हणजे कुठली ती कळेल. मिक्सरवर चॅनलला फेज उलटवायचं बटण असेल, शून्यावर तिरकी रेघ अशी खूण असते, तर कार्यक्रमापुरतं ते दाबून वेळ मारून न्या, पण घरी येऊन वायर दुरुस्त करा, कारण पुढच्या वेळी ती वायर भलत्याच माईकला लागणार आहे. दोन्ही वायरी बरोबर निघाल्या तर माईक एकमेकांपासून लांब सरकवा, अंतराच्या फरकानेही थोडं असं होतं, पण ते इतकं टिनपाट वाटत नाही.

प्रश्न (नाशिक): कीर्तनाचं लाइव्ह करतो. लॅपटॉपचा आवाज मिक्सरला दिला की हम्म येतो. चार्जर काढला की बंद. एकाने सांगितलं की मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. काढली तर खरंच हम्म गेला. पण आता बुवा म्हणतात माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात.

उत्तर: ती पिन आजच्या आज परत लावा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

अर्थिंगची जाड पिन हम्म घालवण्यासाठी नसते, माणूस वाचवण्यासाठी असते. मिक्सरच्या आत एखादी वायर सुटून बॉडीला लागली तर करंट त्या पिनेतून जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा म्हणून ती. ती काढली की करंटला रस्ता उरतो तो माईकची जाळी, बुवांचे ओठ आणि ओल्या मांडवातले अनवाणी पाय. झिणझिण्या ही सूचना समजा. मांडवातल्या बोर्डला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि जनरेटरवर कार्यक्रम असेल तर जनरेटरचं अर्थिंग जमिनीत खरंच गाडलंय का ते डोळ्यांनी बघा, बऱ्याचदा ती वायर नुसती गवतावर टाकलेली असते.

आता हम्म. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि तुमची ऑडिओची वायर त्या दोघांना जोडते, मग त्या फरकाचा करंट वायरीच्या जाळीतून वाहतो आणि तो आवाजात मिसळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम्मही ५० आणि त्याच्या पटीतला. पहिला उपाय फुकटचा, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. बऱ्याच ठिकाणी इथेच काम होतं.

नाही झालं तर वायरीचा उपाय. दोन तारा आणि जाळीवाली माईकची वायर घ्या. मिक्सरकडे स्टिरिओ पी-३८ लावा, टोकाला लाल, रिंगला काळी, दांडीला जाळी. लॅपटॉपकडे लाल सिग्नलला आणि काळी व जाळी दोन्ही मिळून ग्राउंडला. लोक काय करतात, हा काळी-जाळीचा जोड मिक्सरच्या बाजूला मारतात आणि मग बॅलन्स्ड इनपुट असून नसल्यासारखं होतं. जोड लॅपटॉपकडे मारला की मिक्सर काळ्या तारेवरून लॅपटॉपचं ग्राउंड मोजतो आणि हम्म वजाबाकीत बराचसा जातो. ही वायर लाइन इनपुटलाच लावा, माईकच्या एक्सएलआरला नाही, तिथे फँटम (मिक्सर माईकच्या वायरीतून माईकला पुरवतो ती वीज) चालू राहिला तर ४८ व्होल्ट लॅपटॉपच्या दिशेने निघतील.

एवढं करूनही राहिला तर आत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (लॅपटॉपसारख्याचा आवाज बॅलन्स्ड करून देणारी डबी) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ग्राउंड तोडायचं ते इथे, आवाजाच्या वायरीत. डीआयचं आउटपुट माईकच्या लेव्हलचं असतं, म्हणून तो मात्र एक्सएलआरलाच जाईल.

प्रश्न (बार्शी): माईकची वायर उरलीय तीस मीटर. ती स्पीकरला वापरली तर चालेल का? दोन्हीकडे पी-३८ लावलेत.

उत्तर: नाही. माईकच्या वायरीत मिलिव्होल्टचं काम असतं, तिथे जाळी महत्त्वाची. स्पीकरला करंट लागतो, तिथे तांब्याची जाडी महत्त्वाची, जाळीचा काही उपयोग नाही. हिशोब करून दाखवतो. समजा १ चौरस मिलिमीटरची वायर आहे, माईकच्या आतल्या तारा त्याहून कितीतरी बारीक असतात पण समजा. तीस मीटर जायचं, तीस यायचं, साठ मीटर तांबं, म्हणजे साधारण १ ओहम. स्पीकर ४ ओहमचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवरचा पाचवा हिस्सा वायर गरम करण्यात गेला. २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.४ ओहम, म्हणजे साधारण अकरावा हिस्सा. म्हणून एक तर वायर जाड घ्या नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवा आणि लांबचा प्रवास बॅलन्स्ड सिग्नलला करू द्या, मला दुसरं जास्त पटतं.

पी-३८ सुद्धा स्पीकरला नको, चालू अ‍ॅम्प्लिफायरला घालता-काढताना टोक आणि दांडी क्षणभर शॉर्ट होऊ शकतात. न्यूट्रिकने १९८७ मध्ये काढलेला स्पीकॉन त्यासाठीच आहे, घालून फिरवला की लॉक. साध्या एका स्पीकरला १ प्लस आणि १ मायनस, २ वाले मोकळे. चुकून माईकच्या भोकात जात नाही हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, कारण लग्नात गडबडीत कोण काय कुठे घालेल सांगता येत नाही.

प्रश्न (फोंडा, गोवा): जत्रेच्या नाटकांना साऊंड देतो. स्टेजपासून मिक्सर साठ-सत्तर मीटर मागे, देवळाच्या आवाराच्या टोकाला. एवढ्या लांब माईकची वायर चालते का? लाईट मंद-प्रखर करताना खर्र आवाज येतो.

उत्तर: एक्सएलआर टू एक्सएलआर बॅलन्स्ड वायर असेल तर शंभर मीटरलासुद्धा काही बिघडत नाही, फँटमवर चालणारे टांगते माईकही चालतात. तुमच्याकडे कुठेतरी अनबॅलन्स्ड वायर शिरलीय असा संशय आहे. माईककडे एक्सएलआर आणि मिक्सरकडे मोनो पी-३८ अशा जुन्या वायरी बघा, त्यात पिन ३ आणि १ एकत्र करून दांडीला लावलेल्या असतात, दहा मीटरला चालून जातं, सत्तर मीटरला ती वायर म्हणजे अँटेनाच. एखाद्या बॅलन्स्ड वायरीत पिन ३ सुटली असेल तरी लक्षण तेच, आवाज येत राहतो पण कमी आणि पातळ, आणि डिमरची खरखर सगळी आत. मल्टिमीटर लावल्याशिवाय कळत नाही कारण माईक "चालू" असतो.

लाईटवाल्याशी आधी बोलून घ्या. डिमरची वायर स्टेजच्या एका बाजूने, तुमची दुसऱ्या बाजूने. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा, एकाच दोरीने दोन्ही बांधून नेऊ नका, दिसायला नीट दिसतं म्हणून सगळे तसंच करतात. आणि नाटक संपल्यावर उरलेली वायर हात-कोपराला गुंडाळायची नाही, आतल्या तारांना पीळ बसतो, एक फेरा सरळ एक उलटा असा घाला.

प्रश्न (ठाणे): मिक्सरवर इन्सर्ट लिहिलेलं भोक आहे, तिथे कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारं यंत्र) लावायचा तर कुठली वायर?

उत्तर: एका टोकाला स्टिरिओ पी-३८, दुसऱ्या टोकाला दोन मोनो. बहुतेक मिक्सरमध्ये टोकावर सिग्नल बाहेर जातो आणि रिंगवर परत येतो, म्हणजे टोकाचा मोनो जॅक कॉम्प्रेसरच्या इनपुटला, रिंगचा आउटपुटला. काही मिक्सरमध्ये उलटं असतं, भोकाजवळ छापलेलं वाचा. उलटं लागलं तर काही जळत नाही, त्या चॅनलचा आवाज येत नाही एवढंच, मग दोन मोनो अदलाबदल करून बघा. आणि चिपळूणच्या ताईंना हवीय ती वायर दिसायला अशीच असते, फक्त एका टोकाला ईपी, तर दोन्हींवर चिकटपट्टी लावून नाव लिहून ठेवा.